लाल रंगाचा हापसा आणि विद्यापीठांचे कर्तव्य

‘शाश्वत विकास’ हा शब्द आज प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत सापडतो. १९८७ साली नॉर्वेच्या तत्कालीन पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने तो जगाच्या चर्चेत आणला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी सतरा उद्दिष्टे जाहीर केली आणि ती २०३० पर्यंत गाठायची असे ठरवले. तेव्हापासून लहानमोठी सर्व विद्यापीठे या उद्दिष्टांची रंगीत चिन्हे भिंतीवर लावू लागली. परिषदा होतात, परदेशी विद्यापीठांशी करार होतात, सह्यांचे फोटो छापून येतात. पण या साऱ्या संशोधनाने आणि भागीदारीने गावाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसाच्या हंड्यातले पाणी बदलले काय? हा साधा प्रश्न विचारला की सभागृहात शांतता पसरते.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आंबेडकरी चळवळीला सर्वांत आधी आहे. ज्या समाजाने पाण्यासाठी रक्त सांडले, त्याला पाण्याचे राजकारण वेगळे शिकवावे लागत नाही. १९२७ हे साल आठवून पाहा. त्या वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. ही पदवी रीतसर बहाल केली. एकीकडे जगातल्या नामांकित विद्यापीठाची सर्वोच्च पदवी, दुसरीकडे गावच्या तळ्यावरचा माणूस म्हणून हक्क. ज्ञान आणि पाणी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात एकाच वर्षी एकत्र आल्या. त्यामुळे विद्यापीठाने जगासाठी काय केले याचा हिशोब मांडायचा तर कोलंबियापासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल. आणि हिशोब पाण्याचाच असावा.

कोलंबियाच्या शास्त्रज्ञांनी गेली पंचवीस वर्षे बांगलादेशात जे काम केले, ते आपल्या वर्तमानपत्रांत फारसे आले नाही. खरे तर ते आपण बारकाईने समजून घेतले पाहिजे. त्यात विद्यापीठ काय करू शकते हे दिसते, आणि विद्यापीठाची मर्यादा कुठे सुरू होते तेही दिसते.

बांगलादेशातील खेड्यांमध्ये पूर्वी लोक तळ्याचे आणि नदीचे पाणी पीत. त्या पाण्याने कॉलरा, हगवण असे रोग होत आणि लहान मुले मोठ्या संख्येने दगावत. म्हणून १९७० च्या दशकात तेथील सरकारने युनिसेफच्या मदतीने गावोगाव हापसे बसवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. जमिनीखालचे पाणी रोगजंतूंपासून मुक्त असते हे खरे होते. लोकांना ही सोय इतकी पटली की पुढे त्यांनी स्वतःच्या पैशाने अंगणाअंगणात हापसे घेतले. त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. परंतु या पाण्यात रोगजंतू नसले तरी दुसरे काही आहे काय, हे कोणी तपासले नाही. त्यात आर्सेनिक होते. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात तेच हे विष.

हे विष कोणा कारखान्याने ओतलेले नाही. हिमालयातून गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी हजारो वर्षे जो गाळ वाहून आणला, त्यातल्या लोहाच्या कणांना ते चिकटलेले आहे. जमिनीखाली प्राणवायू नसतो. तेथे कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जगणारे जिवाणू हे लोहाचे कण विरघळवतात आणि आर्सेनिक मोकळे होऊन पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते वर्षानुवर्षे थोडेथोडे शरीरात जाते. आधी कातडीवर काळे डाग पडतात, तळहात आणि तळपाय खरखरीत होतात. पुढे कर्करोग आणि हृदयाचे विकार होतात. अंगावरचे डाग पाहून लोकांना महारोगाची शंका येते, मग मुलींची लग्ने अडतात आणि माणसे दूर बसू लागतात. आजाराने आधी शरीर जाते आणि मग माणुसकीचे नाते जाते. अस्पृश्यतेचा अनुभव असलेल्या समाजाला हे अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही.

हे संकट प्रथम ओळखले ते अमेरिकेने किंवा इंग्लंडने नव्हे. १९८३ च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या डागांचे कारण पाण्यात शोधले. जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून गावोगाव फिरून पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने तपासले. सरकारी अधिकारी त्यांना घबराट पसरवणारे म्हणत राहिले. ते थांबले नाहीत. १९९५ साली त्यांनी कोलकात्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरवून जगाला या प्रश्नाकडे पाहायला भाग पाडले. बांगलादेशात १९९३ साली चांपाईनबाबगंज जिल्ह्यातील पाण्यात आर्सेनिक असल्याचे अधिकृतपणे नोंदले गेले. म्हणजे पहिले ज्ञान आपल्याच उपखंडातील एका सरकारी विद्यापीठात तयार झाले. ‘जागतिक संशोधन’ म्हटले की फक्त गोऱ्या विद्यापीठांची नावे घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

याच काळात इंग्लंडच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातील भूजलाचा अभ्यास केला. १९९२ साली त्यांचा अहवाल आला. त्यात अनेक घटकांची तपासणी होती, आर्सेनिकची नव्हती. पुढे एका बांगलादेशी गावकऱ्याने या संस्थेच्या पालक मंडळावर इंग्लंडच्या न्यायालयात दावा लावला. तुम्ही पाणी तपासले, विष तपासले नाही, आम्ही मात्र पाणी सुरक्षित समजून पीत राहिलो, असे त्याचे म्हणणे होते. हा दावा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००६ साली फेटाळला गेला. पाणी पिणाऱ्या गावकऱ्यांबाबत या संस्थेची कायदेशीर जबाबदारी नव्हती, असा निकाल झाला. कायद्याच्या भाषेत तो बरोबर असेलही. पण संशोधन करणारा आणि ज्याच्यावर संशोधन होते तो, यांच्यातील नाते कायद्याने किती दुबळे मानले आहे हे त्यातून उघड झाले. ‘भागीदारी’ हा शब्द वापरताना हा खटला कोणत्याही विद्यापीठाने विसरू नये.

या पार्श्वभूमीवर २००० साली कोलंबिया विद्यापीठाचे पथक ढाक्याजवळच्या अराईहाजार या भागात आले. त्यांचा सोबती होता ढाका विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग. या पथकाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्यात निरनिराळ्या शास्त्रांची माणसे एकत्र होती. लेक्स व्हॅन गीन भूरसायनशास्त्राचे, जोसेफ ग्रॅझियानो सार्वजनिक आरोग्याचे, हबिबुल अहसान हे मूळ बांगलादेशचेच आरोग्यतज्ज्ञ, तर ढाक्याचे काझी मतीन अहमद भूजलाचे अभ्यासक. विहिरीचा अभ्यास करणारा माणसाच्या शरीराकडे पाहत नाही आणि डॉक्टर जमिनीकडे पाहत नाही, ही विद्यापीठांची जुनी खोड आहे. विद्यापीठांतील विभागही जातींसारखेच असतात. एकाने दुसऱ्याच्या घरी जेवायचे नाही! अराईहाजारमध्ये ही भिंत पाडली गेली.

पंचवीस चौरस किलोमीटरच्या छोट्याशा पट्ट्यात त्यांनी सुमारे सहा हजार हापसे तपासले. एकही हापसा सोडायचा नाही असा त्यांचा शिरस्ता होता. जवळजवळ निम्म्या हापशांचे पाणी बांगलादेशच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे एका लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा, जास्त विषारी निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर फक्त १० मायक्रोग्रॅमची आहे. पण याच मोजणीतून आशेची एक गोष्टही पुढे आली. विषारी आणि चांगले हापसे एकमेकांच्या शेजारी होते. एका अंगणात विष तर पलीकडच्या अंगणात शुद्ध पाणी. दहापैकी जवळजवळ नऊ माणसे चांगल्या हापशापासून शंभर मीटरच्या आत राहत होती. म्हणजे अब्जावधी रुपयांच्या योजनेची वाट न पाहता, केवळ शेजारच्या हापशावरून पाणी आणून हजारो जीव वाचवता येणार होते. हे सर्वांत स्वस्त औषध होते. मात्र कोणता हापसा कसा आहे हे आधी कोणी तरी सांगायला हवे होते.

सोबतच सुमारे बारा हजार प्रौढ स्त्रीपुरुषांची नोंद घेऊन त्यांच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. दर काही वर्षांनी त्याच माणसांच्या घरी जायचे, तपासणी करायची, लघवीतील आर्सेनिक मोजायचे आणि कोण आजारी पडले, कोण गेले याची नोंद ठेवायची. निवडणुकीच्या हिशोबाने चालणारे सरकार असा अभ्यास करत नाही. नफ्याच्या हिशोबाने चालणारी कंपनीही करत नाही. हे काम विद्यापीठच करू शकते, कारण वीस वर्षे एकच प्रश्न विचारत राहण्याची सवड आणि शिस्त त्याच्याकडे असते, निदान असायला हवी.

या अभ्यासाने जगाला काय दिले? २००४ साली दहा वर्षांच्या २०१ मुलांच्या तपासणीतून दिसले की पाण्यात आर्सेनिक जितके जास्त, तितके मुलांचे बुद्धिमापन चाचणीतील गुण कमी. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. अभ्यासातील लोकांमध्ये झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे २१ टक्के मृत्यूंचा संबंध १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक असलेल्या पाण्याशी लागतो, असे त्यात दाखवले होते. आणि २०२५ साली या अभ्यासाचा वीस वर्षांचा हिशोब अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे अकरा हजार माणसांच्या नोंदींतून असे दिसले की ज्यांच्या शरीरातील आर्सेनिक कमी झाले, त्यांचा हृदयविकार, कर्करोग आदी जुनाट आजारांनी मरण्याचा धोका निम्म्यापर्यंत घटला. आधी बरीच वर्षे विष प्यायलेल्यांनाही चांगल्या पाण्याचा फायदा झाला. ‘आता काय उपयोग, जे व्हायचे ते झाले’ असे म्हणून हात झटकणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला हे उत्तर आहे. उशीर झाला म्हणून न्याय निरुपयोगी होत नाही, हे येथे आकड्यांनी सिद्ध झाले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहू. २००० ते २००३ या काळात बांगलादेश सरकारने देशभरात सुमारे पन्नास लाख हापसे तपासले. चांगल्या हापशाला हिरवा रंग दिला, विषारी हापशाला लाल. सुमारे चौदा लाख हापसे लाल झाले. अराईहाजारमध्ये असे दिसून आले की आपला हापसा लाल आहे हे कळल्यावर सुमारे ६० टक्के घरांनी एका वर्षात पाणी भरण्याची जागा बदलली. केवळ माहिती मिळाल्याने दहातील सहा घरे बदलली, ही लहान गोष्ट नाही. गरीब माणूस अडाणी असतो, त्याला आरोग्याचे महत्त्व कळत नाही, असे म्हणणाऱ्यांच्या तोंडावर ही चपराक आहे.

पण उरलेल्या चार घरांचे काय? त्यांना रंग दिसत नव्हता काय? दिसत होता. परंतु हिरवा हापसा दुसऱ्याच्या अंगणात होता. बहुतेक हापसे खाजगी होते. दिवसातून चार वेळा कोणाच्या तरी दारात हंडा घेऊन उभे राहायचे, त्याच्या घरातल्या बायकांची बोलणी ऐकायची, त्याची मर्जी सांभाळायची, हे सर्व बाईच्या वाट्याला येते. भांडण झाले की पाणी बंद. प्रयोगशाळेच्या नकाशावर शंभर मीटर हे अंतर लहान असते. गावाच्या उतरंडीत तेच अंतर पिढ्यान् पिढ्या न ओलांडता येणारे असू शकते. महाडचे तळे तरी अस्पृश्यांच्या वस्तीपासून किती लांब होते?

दीडशे मीटरहून खोल थरातले पाणी बहुतेक ठिकाणी चांगले असते, हेही संशोधनातून कळले. पण इतका खोल हापसा गरिबाला परवडत नाही. तो सरकारने बसवायचा. सरकारने बसवलेही. मग ते कोठे बसवले गेले? ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०१६ साली सव्वा लाख सरकारी पाणवठ्यांच्या नोंदी तपासून अहवाल काढला. नव्या पाणवठ्यांपैकी निम्म्यांच्या जागा ठरवताना खासदारांचा शब्द चाले आणि अनेक ठिकाणी हापसे पुढाऱ्यांच्या समर्थकांच्या, सग्यासोयऱ्यांच्या दारात गेले, असे त्यात नोंदवले आहे. सुमारे दोन कोटी लोक अजूनही विषारी पाणी पितात आणि दरवर्षी सुमारे ४३ हजार मृत्यू आर्सेनिकशी संबंधित आहेत, असे अंदाजही त्यात दिले होते. त्याच वर्षी व्हॅन गीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही अराईहाजारमधील खोल हापशांचे वाटप विषम झाल्याचा निबंध प्रसिद्ध केला. आपले काम पाणी तपासण्याचे, वाटपाशी आम्हाला काय करायचे, असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्यांचे हे करणे आम्हाला त्यांच्या प्रयोगशाळेतील कामाइतकेच मोलाचे वाटते.

येथे आपल्याला आपला इतिहास आठवतो. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर सर्व काही झाले होते. तरी तीन वर्षांनी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तेथे जावे लागले, माणसांची डोकी फुटली, आणि हक्क न्यायालयात पक्का व्हायला १९३७ साल उजाडले. माहिती आणि ठराव एका बाजूला, हंडा भरण्याचा प्रत्यक्ष हक्क दुसऱ्या बाजूला, आणि मधे सत्ता उभी. बांगलादेशात हिरवा रंग हा ठरावासारखा होता. तो आवश्यक होता, पण पुरेसा नव्हता. सत्तेचा प्रश्न टाळून कोणताही विकास शाश्वत होत नाही. फार तर तो शाश्वत विषमता होतो.

बलाढ्य विद्यापीठेही या सत्तेच्या बाहेर नाहीत. ज्या कोलंबियाच्या प्रयोगशाळांनी पृथ्वीच्या तापमानवाढीचा इशारा दिला, जिथल्या वॉलेस ब्रोकर यांनी १९७५ सालीच त्यावर निबंध लिहिला, त्याच विद्यापीठाला तेल आणि वायू कंपन्यांत पैसे गुंतवणार नाही हे जाहीर करायला २०२१ साल लागले, तेही विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे रेटा लावल्यावर. २०२० साली स्वतंत्र हवामान महाविद्यालयाची घोषणा करणाऱ्या या विद्यापीठाचे सुमारे ४० कोटी डॉलरचे सरकारी अनुदान व करार मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने एका फटक्यात रद्द केले. विद्यापीठाने ज्यू विद्यार्थ्यांना त्रासापासून वाचवले नाही असे कारण सरकारने दिले. आवारात पॅलेस्टाईनच्या बाजूने जी आंदोलने झाली त्यांची त्याला पार्श्वभूमी होती. जुलै २०२५ मध्ये विद्यापीठाने २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे कबूल करून तडजोड केली. आंदोलनाबद्दल कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या संशोधनाचा पैसा एका राजधानीतून येतो, त्याची नाडीही त्याच राजधानीच्या हातात असते. दूरच्या गावात वीस वर्षे चालणारा अभ्यास अशा एका सहीने अडचणीत येऊ शकतो.

म्हणूनच भागीदारीत दुसऱ्या टोकाचे विद्यापीठ सबळ असले पाहिजे. ढाका विद्यापीठात भूजल जाणणारी माणसे होती म्हणून कोलंबियाचे काम उभे राहिले. जादवपूरमध्ये प्रयोगशाळा होती म्हणून मुळात प्रश्न कळला. बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील पाण्यात आर्सेनिक आहे हे २००२ साली शोधणारेही जादवपूरचेच संशोधक होते. आपल्या देशातील सरकारी विद्यापीठे मोडकळीस आणायची आणि परदेशी विद्यापीठांशी करार केल्याच्या जाहिराती द्यायच्या, याला भागीदारी म्हणत नाहीत. ती मजुरी आहे. नमुने आपल्या गावातले, रक्त आपल्या लोकांचे, आणि निबंधावरील नाव दुसऱ्याचे.

मग आपल्या महाराष्ट्राचे काय? आपल्याकडे आर्सेनिकऐवजी फ्लोराईड आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत बोअरच्या पाण्याने दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४७ टक्के घरांना पिण्याचे पाणी घराच्या आवारात मिळत होते, तर अनुसूचित जातींत हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे पाणी कसे आहे हा एक प्रश्न, आणि ते कोणाच्या आवारात आहे हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न एकत्र घेऊन, एकही हापसा न सोडता, एका तालुक्याचा वीस वर्षे अभ्यास करण्याचे काम मराठवाड्यातील किंवा विदर्भातील विद्यापीठांनी हाती का घेऊ नये? ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसांनी प्राण दिले आणि १९९४ साली ज्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे गैर आहे काय? नाव पाटीवर आले. आता ते कामात उतरले पाहिजे.

आणि हे संशोधन करणार कोण? ज्यांच्या आईने हंडा घेऊन दुसऱ्याच्या दारात वाट पाहिली, त्यांच्या मुलामुलींनी ते केले तर प्रश्न वेगळे विचारले जातील. पण त्यांच्या वाटेत काय वाढून ठेवले आहे? बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरून बसावे लागले. २०२२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे नवे नियम काढले. त्यात भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि सामाजिक अभ्यास या विषयांवर परदेशात संशोधन करणाऱ्यांना शिष्यवृत्तीतून वगळले. याचा अर्थ नीट समजून घ्या. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेलेल्या बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी तेथे वाचलेला निबंध भारतातील जातींवर होता. हा नियम त्या वेळी असता तर त्या विषयाला या देशाच्या तिजोरीतून एक पैसा मिळाला नसता. संस्थानाच्या राजाने जे दार उघडले, ते लोकशाहीतील सरकार बंद करते! आणि मग हेच सरकार जागतिक व्यासपीठांवर शाश्वत विकासाची भाषणे करते.

चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. पाणी, माती, हवा हे विषय उच्चवर्णीय पर्यावरणवाद्यांचे, आपला विषय आरक्षण आणि अत्याचार, अशी वाटणी आपल्याकडील काहींनी मनात करून घेतली आहे. बाबासाहेबांनी ती कधीच केली नव्हती. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना दामोदर खोऱ्याची योजना आणि देशाच्या जलधोरणाची आखणी यांत त्यांनी लक्ष घातले. नदी हा त्यांच्या दृष्टीने अर्थशास्त्राचा, विज्ञानाचा आणि गरिबांच्या पोटाचा प्रश्न होता. आपली मुले वकील आणि अधिकारी झाली याचा अभिमान जरूर बाळगू या. पण भूजलाचे शास्त्र, सार्वजनिक आरोग्य, हवामानाचे शास्त्र या विभागांत आपली किती मुले आहेत, हेही एकदा मोजू या.

यापुढे कोणत्याही विद्यापीठाने शाश्वत विकासाचा करार केला, तर विद्यार्थी संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याला तीन प्रश्न विचारावेत. ज्या लोकांवर हा अभ्यास होणार आहे, त्यांना त्याचा निष्कर्ष त्यांच्या भाषेत, त्यांच्या दारात जाऊन कोण सांगणार? निष्कर्षाचा लाभ कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, याची मोजणी जात, लिंग आणि वस्तीनिहाय होणार काय? आणि परदेशी पैसा थांबला, तर हे काम पुढे चालवण्याइतकी प्रयोगशाळा आणि माणसे येथे उभी राहतील काय? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल, तर तो करार फोटोपुरता आहे असे खुशाल समजावे.

विद्यापीठाने हापसा लाल की हिरवा हे खरेखरे सांगावे, हे त्याचे कर्तव्य. ते कर्तव्य पंचवीस वर्षे निष्ठेने करणाऱ्या कोलंबियाच्या, ढाक्याच्या आणि जादवपूरच्या शास्त्रज्ञांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण हिरव्या हापशाचे फाटक उघडण्याचे काम कोणतेही विद्यापीठ एकट्याने करू शकत नाही. ते संघटित लोकांनाच करावे लागते. येत्या २० मार्चला महाडला जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने परत येताना आपल्या गावच्या पाण्याचा नमुना तपासून घेण्याचा आणि वस्तीतील प्रत्येक हापशाची नोंद करण्याचा निश्चय करावा. चवदार तळ्याच्या लढ्याला २०२७ साली शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या दिवशी आपल्या हातात घोषणांच्या फलकांबरोबर आपल्या गावांच्या पाण्याचा नकाशाही असला पाहिजे.